शेपटीविना फेरी

अशी कल्पना करा, की तुम्हाला उलट्या पावलांनी चालायचंय. रस्ता जुन्या दगडी फरशांचा, त्यातली मधूनच एखादी डोकं वर काढून बसलेली. त्यात शनिवारचा बाजार. समोरून अकरा अनोळखी माणसं तुमच्याकडे बघत चालत येताहेत आणि तुम्ही त्यांना सांगायचंय, की डावीकडच्या त्या वाकड्या घराचा वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे का आलाय. मागे कोबीच्या पेट्या आहेत की कुणाची बाळगाडी, ते तुम्हाला दिसत नाही. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. चेहरा हसरा पाहिजे. आणि हे सगळं चाललेलं असताना पोटात मात्र कुणीतरी ओला कपडा पिळत असावा तसं होतंय.

हेस्टर टॅपलो हे दर शनिवारी सकाळी करते. त्या दिवशी न्याहारीला ती लोणी न लावलेला टोस्ट खाते, कारण त्याहून जास्त काही पोटात ठरत नाही.

वेनबरी या छोट्या इंग्लिश गावात तिला सगळे ओळखतात, पण पूर्वी तिचा आवाज फार थोड्यांनी ऐकला होता. लहानपणी चर्चमध्ये सुगीच्या सणाला तिला दोन ओळी म्हणायच्या होत्या. ती वेदीपाशी गेली, भोपळ्यांच्या राशीकडे बघत उभी राहिली आणि तशीच दारातून बाहेर पडून घरी आली. पुढे बियाण्यांच्या पेढीत नोकरी लागली. मागच्या खोलीत बसून वाटाणे, बीट, गाजर यांच्या बिया पाकिटांत भरायच्या. एकदा मालकांनी तिला पुढच्या गल्ल्यावर उभी करायचं ठरवलं, तेव्हा तिनं त्यांना सांगितलं की मला कमी ऐकू येतं. त्या दिवसापासून मालक तिच्याशी ओरडून बोलायला लागले. निवृत्त होईपर्यंत ती ते मुकाट्यानं ऐकत राहिली.

नवरा डेनिस मात्र पक्का बोलघेवडा. टपाल वाटायचा आणि प्रत्येक दारात एक पत्र देऊन दोन गोष्टी घेऊन यायचा. गावातल्या इतिहास मंडळाची शनिवारची पायी फेरी त्यानंच सुरू केली. मंडळाचा नियम असा, की फेरीला दोन माणसं हवीत. एक पुढे, बोलणारा. दुसरा सगळ्यांच्या मागे, न बोलणारा. मागच्याच्या हातात निळी छत्री. प्रत्येक थांब्यावर मागच्यानं माणसं मोजायची आणि सगळी पोचली की छत्री उंच करायची. छत्री वर गेल्याशिवाय पुढच्यानं तोंड उघडायचं नाही. डेनिस ओळख करून देताना म्हणायचा, "मी तोंड आणि ही आमची शेपूट. तोंड चुकलं तर चालतं, शेपूट चुकून चालत नाही." लोक हसायचे. हेस्टर छत्री घट्ट धरून फरशीकडे बघायची.

शेपूट म्हणून ती सुखात होती. पुढच्यांच्या पाठी बघत चालायचं, रेंगाळणाऱ्याजवळ जाऊन नुसतं उभं राहायचं, तो आपोआप चालायला लागतो. माणसांच्या पाठी तिला चेहऱ्यांपेक्षा बऱ्या वाटत.

डेनिस गेल्यावर मंडळाच्या अध्यक्षीणबाई केक घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, सगळ्या गोष्टी तुला पाठ आहेत, तूच आता पुढे हो. हेस्टरला बोलायची भीती वाटत होती, पण समोर बसलेल्या बाईला, तेही तिनं केक आणलेला असताना, नाही म्हणायची त्याहून जास्त. ती हो म्हणाली.

डेनिसनं तिला पूर्वी कधीतरी एक युक्ती सांगितली होती. चेहऱ्यांकडे बघायचंच नाही. लोकांच्या डोक्यांच्या वर एखादी जागा धरायची, धुराडं किंवा कौलांवरचं शेवाळ, आणि त्याच्याशी बोलायचं. हेस्टर तसंच करत असे. म्हणजे त्यांच्या फेरीत माणसांवर नजर असायची ती फक्त शेपटीची.

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी शेपूटच आली नाही.

डेस्मंड क्रेक नावाचे निवृत्त मास्तर छत्री धरत. त्यांचा सकाळी फोन आला, की पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजलाय. हेस्टर लोणी-मंडपाशी पोचली तेव्हा लोक जमलेलेच होते. हा मंडप म्हणजे बाजाराच्या मधोमध खांबांवर उभं असलेलं छप्पर. एके काळी शेतकऱ्यांच्या बायका इथे लोणी विकायच्या, आता चिजवाला बसतो. लोकांना सांगायला हवं होतं, की आज फेरी नाही. वाक्य तिनं मनात तयारही केलं. मग एक बाई म्हणाल्या की त्या खास फेरीसाठी दोन बस बदलून आल्यात, आणि हेस्टरच्या घशातलं वाक्य खाली उतरलं.

तेवढ्यात एक मधल्या वयाची बाई तिच्या कोपराला हात लावून तिला बाजूला घेऊन गेली. हिलरी गॉडबी असं तिनं नाव सांगितलं. बरोबर तिचे वडील सिरिल, करडा रेनकोट, चपटी टोपी, हातात काठी. गाव त्यांच्या माहितीचं नव्हतं. मुलगी नुकतीच इथे राहायला आली होती. हिलरी हळू आवाजात म्हणाली, "बाबा जरा भरकटतात हो. चार माणसांत असले की ठीक असतात. मला बँकेत आणि औषधांच्या दुकानात जायचंय. तुमच्याकडे मागे लक्ष ठेवणारं माणूस असतं ना, मंडळाच्या फलकावर वाचलं मी. म्हणूनच आणलं त्यांना."

हेस्टरला म्हणायचं होतं, आज नाहीये. ती म्हणाली, "हो, काळजी करू नका."

हिलरीच्या चेहऱ्यावरून कितीतरी दिवसांचा थकवा उतरल्यासारखा दिसला. बाराला मंडपात भेटते म्हणून ती निघून गेली.

तिनं आपल्या परीनं तोड काढली. गटात कीथ नावाचा एक धिप्पाड सायकलवाला होता, यॉर्कशरचा, लाल जाकीट घातलेला. छत्री तिनं त्याच्या हातात दिली आणि कसं मोजायचं ते सांगितलं. कीथ खूश झाला. "अकरा ना? मेंढ्या मोजल्यात मी लहानपणी, बाई. माणसं काय, माणसं तर जागची हलतसुद्धा नाहीत."

पहिले थांबे नीट पार पडले. धान्यबाजाराची इमारत, मग घोडागाड्या थांबायच्या ती खाणावळ. प्रत्येक वेळी निळी छत्री वर जायची आणि हेस्टर समोरच्या धुराड्याला गोष्ट सांगायची. मध्येच नजर खाली आणून चपटी टोपी शोधायची. होती. सिरिल काठीवर दोन्ही हात ठेवून, वर्गातल्या शहाण्या मुलासारखे ऐकत होते.

तिसरा थांबा गिरणीच्या पुलापाशी. वरच्या टेकड्यांवर आठवडाभर पाऊस झाला होता. वेन नदी एरवी बदकांपुरती असते. त्या दिवशी ती तांबूस होऊन कमानीला घासत चालली होती. कठड्याशेजारून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. पूर्वी तिथे बायका लोकर धुवायच्या. आवाज पाण्यावर चढवायचा म्हणून हेस्टरनं त्या दिवशी भराभर सांगून टाकलं आणि सगळ्यांना पुढच्या बोळाकडे वळवलं.

चांभार-बोळ इतका अरुंद आहे, की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. तो पुलापासून चढत थेट चर्चच्या आवारात निघतो. हेस्टर पुढे शिरली, मागोमाग एकेक जण, शेवटी कीथ. वर पोचल्यावर ती यू नावाच्या जुन्या, सदाहरित झाडाखाली उभी राहिली आणि बोळाच्या तोंडाकडे बघत राहिली. लोक आले. उंच माणसांच्या मागे करडा रेनकोट आणि चपटी टोपी दिसली. लाल जाकीट आलं. छत्री वर गेली. हेस्टरनं सुटकेचा श्वास टाकला आणि झाडाच्या शेंड्याला गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्या सकाळी पहिल्यांदाच ती जरा रंगून बोलली.

पुढचा थांबा म्हाताऱ्यांच्या धर्मादाय घरांपाशी. छत्री वर गेली नाही.

कीथ डोकं खाजवत होता. त्यानं बोटानं पुन्हा मोजलं. मग तो जवळ येऊन म्हणाला, "एक कमी भरतोय, बाई. झाडाखाली तर पुरे होते, मी शपथेवर सांगतो."

हेस्टरनं पहिल्यांदा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. दहा चेहरे. सिरिल नव्हते.

झाडाखाली होते, म्हणजे चर्चच्या आवारातच असणार, असं ती स्वतःशी मोठ्यानं बोलली आणि मागे धावली. कीथ सोबत आला. बाकीच्यांनी आम्ही अगदी मजेत आहोत, आमची चिंता नको, असं सांगितलं. बस बदलून आलेल्या बाईंनी मात्र एवढं विचारून घेतलं, की धर्मादाय घरांची गोष्ट राहणार तर नाही ना.

आवारात कोणी नव्हतं. थडग्यांच्या मागे बघितलं. चर्चमध्ये एक बाई पितळी दिवे पुसत होती. तिनं कुणाला पाहिलं नव्हतं. मागच्या भिंतीपाशी सोमवारच्या दफनासाठी ताजा खड्डा खणून ठेवला होता आणि त्यावर टाकलेली फळी एका बाजूला सरकली होती. हेस्टर त्या कडेला गेली. डोळे मिटून ती पुढे वाकली आणि मग उघडले. तळाला पाणी साचलं होतं आणि एक बेडूक होता.

"नाही ना?" कीथ लांबूनच विचारत होता. त्याला जवळ यायचं धाडस झालं नव्हतं.

तिनं मान हलवली. मनात एकच गोष्ट फिरत होती, हिलरीचा तो उतरलेला थकवा. "काळजी करू नका," असं आपण म्हटलं होतं. खोटं बोललो होतो, आणि तेही किती सहज.

कीथनं आवाराच्या पलीकडच्या शेतात बघायचं ठरवलं. हेस्टर बाजाराच्या रस्त्याला लागली, दुकानांत डोकावत. पोलिसांना सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण तसं केलं की म्हातारा हरवला हे खरं होईल, म्हणून ती अजून थोडं, अजून थोडं करत पुढे जात राहिली. आणि खाटकाच्या दुकानाबाहेरच्या रांगेत तिला करडा रेनकोट दिसला.

रेनकोट आणि चपटी टोपी. ती जवळजवळ पडत-झडत तिथे पोचली. माणूस वळला. ते सिरिल नव्हते. गुबगुबीत गालांचा दुसराच एक माणूस होता आणि त्याच्या पिशवीतून पातीच्या कांद्याची मोठी जुडी डोकावत होती. ही जुडी तिनं पाहिली होती. यू झाडाखाली.

रांग मोडून मध्ये घुसणं वेनबरीत कुणी करत नाही. हेस्टर घुसली. मागच्या दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"तुम्ही आमच्या फेरीत होतात," ती म्हणाली. "तुमच्यासोबत एक आजोबा होते. कुठे गेले ते?"

माणूस गोंधळला. "मी? नाही हो बाई. मी तुमच्यातला नव्हतोच. मी पुलावरून खाटकाकडे निघालो होतो. बोळाच्या तोंडाशी तुमची ही गर्दी. तो लाल जाकीटवाला दारवानासारखा बाजूला झाला नि म्हणाला, आधी तुम्ही. आता इतक्या अदबीनं कुणी म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? शिरलो."

"मग वर येऊन झाडाखाली उभे का राहिलात?"

"तुम्ही गोष्ट सुरू केलीत ना. मध्येच निघून जाणं बरं दिसलं नसतं." तो थोडा लाजला. "छान सांगता हो तुम्ही. माझं मटण राहिलं त्यापायी."

रांगेतलं कुणीतरी हसलं. हेस्टरला ते ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यात एक साधं गणित सुटत होतं आणि प्रत्येक पायरीला अंगातली ऊब कमी होत होती. झाडाखाली अकरा भरले, त्यातला एक हा. म्हणजे सिरिल झाडाखाली नव्हतेच. बोळातही नव्हते. कीथनं ह्याला पुढे घातलं आणि ज्याला घालायला हवं होतं, तो माणूस मागे पुलावरच राहिला होता. आणि आपण एवढा वेळ टेकडीच्या माथ्यावर बेडूक शोधत होतो.

बोळातून ती उतरली की घसरली, तिला आठवत नाही. भिंतींना दोन्ही हात लागत होते, कोपरं सोलली. खालून पाण्याचा आवाज वाढत आला. पुलावर कुणी नव्हतं. पायऱ्यांपाशी कठड्याला एक काठी अडकवली होती, नीट, मुठीनं, घरात खुंटीला छत्री अडकवावी तशी.

खाली चारच पायऱ्या पाण्याच्या वर होत्या. त्याखाली तांबूस पाणी आणि त्यात गरगर फिरणारी एक फांदी.

हेस्टर टॅपलो ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा, जीव खाऊन. "सिरिल! सिरिल गॉडबी!" आवाज कमानीखालून घुमून परत आला तेव्हा तो आपला आहे, हे तिला ओळखू आलं नाही. ती पुन्हा ओरडली. पाण्यापाशी उतरावं की माणसं बोलवावीत, हे तिला ठरवता येत नव्हतं. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, अशी ती उभी राहिली आणि ओरडतच राहिली.

गिरणीशेजारच्या घराची खिडकी उघडली. ऑड्री विंच नावाच्या बाई तिथे राहतात; हेस्टर त्यांना चर्चमध्ये बघते. त्यांनी डोकं बाहेर काढून अगदी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही कुणाला शोधताय का? आमच्याकडे एक आहेत."

स्वयंपाकघरात टेबलापाशी सिरिल बसले होते. समोर चहा, लोणी लावलेला टोस्ट आणि मुरंबा. पायात विंचसाहेबांचे लोकरी मोजे. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजून काळी पडली होती आणि बूट शेगडीपाशी वाळत ठेवले होते. विंचसाहेब समोर बसून त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

हेस्टरनं दाराची चौकट धरली.

ऑड्रीबाई तिच्या कानाशी कुजबुजल्या. "मागच्या दारानं आत आले हो. 'फार गार आहे' म्हणाले नि बसले. मला वाटलं, हे ह्यांच्या बागकाम मंडळातले. ह्यांना वाटलं, माझ्या गायनाच्या गटातले. मग आम्ही आपला चहा केला."

"पण पाय भिजलेले होते. विचारलं नाहीत, कोण म्हणून?"

ऑड्रीबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "घरात येऊन बसलेल्या माणसाला कोण म्हणून कसं विचारायचं? वाईट वाटलं असतं त्यांना."

हेस्टर खुर्ची ओढून सिरिलच्या शेजारी बसली. डोक्यावरची जागा शोधली नाही. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. निळे, स्वच्छ डोळे होते. तिनं विचारलं, "सिरिल, पाण्यात कशाला उतरलात?"

त्यांनी टोस्टचा तुकडा चावून पूर्ण केला. "काठी वर ठेवली होती मी," ते म्हणाले. "भिजू नये म्हणून."

मग त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलला.

बाराच्या ठोक्याला हेस्टर त्यांना घेऊन मंडपात उभी होती. वाटेत तिनं बरीच वाक्यं तयार केली होती. चालताना पाय ओले झाले. डबक्यात पाय पडला. कुणालाही पटली असती. हिलरी औषधांची पिशवी घेऊन लगबगीनं आली, वडिलांच्या पायांतले परके मोजे बघून थबकली, आणि हेस्टरनं सगळं सांगून टाकलं. शेपूट नव्हती इथपासून. आपण खोटं बोललो इथपासून. सांगताना तिचा आवाज घोगरा येत होता, मघाच्या ओरडण्यानं बसलेला.

हिलरी ओरडेल असं तिला वाटलं होतं. ती ओरडली नाही. पिशवी छातीशी धरून ती वडिलांकडे बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"गुडघ्यापर्यंत?" तिनं एवढंच विचारलं.

"गुडघ्यापर्यंत."

"बाबांना पाण्याची भीती आहे. लहानपणी त्यांचा भाऊ बुडाला होता त्यांच्यासमोर. ते टबात बसत नाहीत. मी त्यांना ओल्या फडक्यानं पुसून काढते. समुद्रावर गेलो तरी ते गाडीतून उतरत नाहीत." मग ती थांबली आणि हेस्टरकडे न बघता म्हणाली, "तुमच्यावर रागावायला हवं मी. उद्या रागावेन बहुतेक. आज अंगात बळ नाही."

तिनं वडिलांचा हात धरला. सिरिलनी हेस्टरला टोपी उचलून नमस्कार केला, फेरीबद्दल आभार मानले आणि चिजवाल्याच्या बाजूनं दोघं निघून गेली. कीथ, हरवलेल्या माणसाइतकाच उतरलेला चेहरा घेऊन, निळी छत्री परत करायला उभा होता. चूक माझी, माझी, असं तो म्हणत राहिला. हेस्टर त्याला नाही म्हणाली. लगेच आणि स्पष्ट.

त्याच संध्याकाळी तिनं अध्यक्षीणबाईंना सगळं कळवलं. आता डेस्मंड नसले तर फेरी होत नाही. मंडपात उभी राहून ती लोकांना परत पाठवते, दोन बस बदलून आलेल्यांनासुद्धा. पोटातला पिळा गेलेला नाही. न्याहारीला अजून कोरा टोस्टच.

मे महिन्यात हिलरीनं वडिलांना एका वृद्धाश्रमात ठेवलं. हेस्टर रविवारी तिथे जाते. हिलरीनंच सांगितलं, जा म्हणून. ती रागावली होती, मग कधीतरी राग विसरली. सिरिल हेस्टरला कधी नर्स समजतात, कधी गायनाच्या गटातली बाई. ते चांगले बोलतात, बागेबद्दल, जेवणातल्या सॉसबद्दल. हेस्टर ओठांवर प्रश्न घेऊन बसते. एकदा तिनं नदीचं नाव काढलं, तर त्यांनी मांडीवरची शाल दोन्ही मुठींत धरली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पण गिरणीच्या पुलावर छत्री वर जायची वाट बघताना तिची नजर खाली जाते. पाणी आता बदकांपुरतं असतं, सगळ्या पायऱ्या उघड्या दिसतात. त्या दिवसाच्या पाण्याच्या मापानं तिनं मनाशी जुळवून बघितलंय. गुडघ्यापर्यंत म्हणजे पाण्याखालची तिसरी पायरी. तिच्यापुढे पायरीच नाही. आणि ओढ अशी, की झाडाची फांदी गरगर फिरत होती. ज्या माणसाला अंघोळीच्या टबाची भीती, तो तिथे जाऊन उभा होता, काठीशिवाय, एकटा. ती त्या वेळी टेकडीवर एका झाडाला गोष्ट सांगत होती, म्हणजे हाक मारणारं कुणी नव्हतं. विंचांची खिडकी बंद होती. रस्ता मोकळा होता.

मग त्या तिसऱ्या पायरीवरून त्यांना मागे वळवलं कशानं?